घोट्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन: डॉक्टरांना पाच स्टार, बिलिंगला दोन, आमच्या जिन्याला शून्य

ऑपरेशनला आता सात महिने झाले. त्याआधी मी रात्र रात्र मोबाइलवर शोधत बसायचे की मराठीत कुणी याच्याबद्दल लिहिलंय का, तर एकतर डॉक्टरी भाषा नाहीतर जाहिरात. म्हणून हा रिव्ह्यू. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मध्य मुंबईतलं मध्यम साइझचं आहे एवढं पुरे.

उजवा घोटा. कॉलेजात खो-खो खेळताना पहिल्यांदा मुरगळला, आजीने आंबेहळदीचा लेप लावला, आठ दिवसांत पळायला लागले आणि विषय संपला असं वाटलं. पण नंतर वर्षातून दोनदा तरी जायचाच. कधी दादरच्या ब्रिजवरून उतरताना, कधी अगदी सपाट रस्त्यावर, आणि डॉक्टरकडे जायच्या आधीचा शेवटचा म्हणजे फोर्टात ऑफिसबाहेर एका उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवर. कट्ट आवाज आला आणि डब्याची पिशवी हातात तशीच धरून मी फुटपाथवर बसले.

डॉक्टरांनी एका हाताने नडगी धरली, दुसऱ्या हाताने टाच पुढे ओढली. डावीकडे काही नाही, उजवीकडे मात्र पाऊल कपाटाचा खण उघडावा तसं पुढे सरकलं. त्या टेस्टचं नावच ड्रॉवर टेस्ट आहे. मग एमआरआय. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे) असतात, त्यातलं पुढचं एटीएफएल, पाय आत मुरगळला की बहुतेक वेळा आधी तेच जातं. माझं ताणून ताणून जुन्या परकराच्या इलास्टिकसारखं झालं होतं (शब्द माझे, डॉक्टर सभ्य आहेत).

पाच स्टार का, तर त्यांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली नाही. आधी तीन महिने फिजिओ करा म्हणाले, बऱ्याच लोकांचं तेवढ्यावर भागतं. मी खरंच केला, आणि तरी घोटा दोनदा गेला, तेव्हाच ऑपरेशनचं बोलणं झालं. त्याला ब्रॉस्ट्रॉम म्हणतात, १९६६ मध्ये एका स्वीडिश डॉक्टरने मांडलेली पद्धत, आणि १९८० मध्ये गूल्ड नावाच्या सर्जनने त्यात एक भर घातली. म्हणजे आपलंच सैल लिगामेंट आखूड करून परत शिवायचं, ही मूळ पद्धत (आता छोट्या अँकरने, म्हणजे हाडात बसवायच्या खिळीने, हाडाला शिवतात), आणि वरून घोट्यावरच्याच एका पट्ट्याचा आधार द्यायचा, ही गूल्डची भर. आपलं लिगामेंट अगदीच कामातून गेलेलं असेल तर गुडघ्याजवळचा स्नायूबंध काढून नवीन लिगामेंट बनवतात, खरं रिकन्स्ट्रक्शन ते. माझ्या फॉर्मवर दोन्ही लिहिलं होतं कारण आत बघितल्याशिवाय शंभर टक्के सांगता येत नाही म्हणे. हे मला सही करताना कळलं. तुम्ही आधीच विचारा.

ऑपरेशनचं वर्णन काय करणार, कमरेत इंजेक्शन, पायात वेगळा ब्लॉक (पाय बधिर करणारं इंजेक्शन), पडद्यापलीकडे ड्रिलचा आवाज, आणि कुणीतरी सामन्याचा स्कोअर विचारतंय. आधी दुर्बीण घालून सांध्याची कूर्चा बघितली, ती ठीक होती, मग शिवणकाम. दीड तास. गुडघ्याखाली प्लास्टरची स्लॅब घालून रूममध्ये.

रात्रीच्या सिस्टर म्हणाल्या, ब्लॉक उतरायच्या आधीच गोळी घ्या ताई, दुखायची वाट बघू नका. मी शहाणी, काहीच दुखत नव्हतं म्हणून म्हटलं नंतर घेते. अडीच वाजता उठले ती ओरडतच. दोन बाळंतपणं झालेली बाई आहे मी, उगाच नाही सांगत. सिस्टर ऐका, बास.

आता बिलिंग. कॅशलेस होतं. डिस्चार्जचं फायनल अप्रूव्हल विमा कंपनीने तीन तासांत द्यायचं असा २०२४ पासून नियम आहे, पण हॉस्पिटलने कागदच दुपारी चारला पाठवले तर ते तीन तास चारपासून मोजणार ना! सकाळी दहाला "तुम्ही घरी जाऊ शकता" सांगितलं आणि रात्री साडेसातला निघालो. रूमचं भाडं पॉलिसीच्या लिमिटच्या वर होतं, नवऱ्याला वाटलं वरचा फरक तेवढा भरायचा, पण तसं नसतं, त्याच प्रमाणात बाकीच्या बऱ्याच चार्जेसनाही कात्री लागते. हातमोजे-बितमोजे वेगळेच. आणि वॉकर बूट (प्लास्टर निघाल्यावर घालायचा उंच, कडक बूट) त्यांच्या मेडिकलमध्ये ज्या भावाने देत होते, परळच्या सर्जिकलच्या दुकानात तसाच जवळजवळ अर्ध्यात मिळाला. कुबड्या दिल्या, पण त्या घेऊन जिना कसा चढायचा हे शिकवायला आलेला मुलगा पाच मिनिटं थांबला, सपाट कॉरिडॉरमध्ये चालवलं आणि गेला. तुमच्याकडे लिफ्ट आहे ना, एवढं विचारायचंही कुणाला सुचलं नाही.

आमच्याकडे लिफ्ट नाही. तिसरा मजला, जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, चोपन्न पायऱ्या. उजवा पाय टेकवायचा नाही, दोन आठवडे अजिबात नाही. वॉचमन आणि नवरा खुर्चीत बसवून नेऊ म्हणाले, पहिल्याच वळणावर खुर्ची कठड्यात अडकली. शेवटी मी पायरीवर पाठमोरी बसले, हात मागच्या पायरीवर, डावा पाय रेटायचा, ढुंगण वर, परत बसायचं. धाकटी पुढे उभी राहून पायऱ्या मोजत होती. दुसऱ्या मजल्यावर कुलकर्णी काका दळणाचा डबा घेऊन खाली यायला निघालेले, मला बघून भिंतीला चिकटले आणि म्हणाले, "होऊ दे सावकाश, मला घाई नाही." साडी नेसून हे जमत नाही, ट्रॅक पँट घाला. टाके काढायला चौदाव्या दिवशी परत तोच सगळा प्रकार, उतरताना निदान गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने असतं.

घरची तयारी ऑपरेशनच्या आधी करा. भाड्याने कमोड चेअर आणली तो आमचा सगळ्यात हुशार निर्णय. आंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर, पायाला जाड पिशवी आणि वर टेप. पाय छातीच्या वर राहील इतक्या उशा, दिवसभर, कारण खाली लोंबला की पाच मिनिटांत वांग्यासारखा जांभळा होतो. पोटरी सुजली-दुखली किंवा दम लागला तर रक्ताच्या गाठीची शंका असते, थेट इमर्जन्सीत या असं त्यांनी नीट समजावलं, त्याचे मार्क द्यायला हवेत. मी मार्चमध्ये घामाने वैतागले, तरी पावसाळ्याच्या तोंडावर करू नका, ओल्या लादीवर कुबडी म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनला आमंत्रण.

टाके निघाल्यावर बूट, आधी थोडा भार, मग हळूहळू पूर्ण. बूट उंच असतो, दुसऱ्या पायात जाड तळव्याची चप्पल घाला नाहीतर कंबर धरते, हे मला फिजिओच्या मॅडमनी सांगितलं, तोपर्यंत माझी धरलेली होती. सहा आठवड्यांनी घरात बूट सुटला आणि पाय बघून रडूच आलं. पोटरी हाताच्या मनगटाएवढी वाटत होती, कातडीचे पापुद्रे निघत होते, आणि पावलाच्या वर रुपयाएवढी जागा बधिर. तिथून त्वचेची नस जाते, बधिरपणा येऊ शकतो हे आधी सांगितलं होतं, आता बराच कमी झालाय.

गर्दीत अजून दोन आठवडे बूट ठेवा म्हणाले म्हणून ऑफिसला बूट घालूनच गेले. तेव्हा लेडीज डब्यात चक्क खिडकी मिळाली. बूट जाऊन ब्रेस (घोट्याला बांधायचा आधार) आला, तो सलवारीखाली दिसत नाही, तर परत चौथी सीट आणि तीही अर्धी. स्कूटर अजून दोन महिने बंद होती.

पण घोटा खरा तयार केला तो गल्लीतल्या छोट्या क्लिनिकमधल्या फिजिओ मॅडमनी. त्यांना सहा स्टार. पहिल्या दिवशी काय, तर जमिनीवर टॉवेल टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायचा. मी हसले, आणि टॉवेल इंचभरही हलला नाही. मग रबरी पट्ट्याने पाऊल बाहेरच्या बाजूला ओढायचं, मग टाचा उचलायच्या, मग एका पायावर उभं राहायचं. लिगामेंट फाटतं तेव्हा पाय कसा पडतोय ते मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते, ती शिवून परत येत नाही, शिकवावी लागते, असं त्यांचं म्हणणं. तीन महिन्यांनी ब्रिजचे जिने, साडेचार महिन्यांनी शिवाजी पार्कला हळू जॉगिंग. संध्याकाळी सूज अजून येते, वर्षभर येऊ शकते म्हणाल्या. घोटा मात्र एकदाही गेला नाहीये, त्याच पेव्हर ब्लॉकवरून रोज जाते (तो अजून तसाच आहे).

सध्याचा होमवर्क म्हणजे दात घासताना उजव्या पायावर उभं राहायचं, शेवटी डोळे मिटून. सुरुवातीला चार सेकंदांत बेसिन धरायचे. आज सकाळी एकोणीस झाले, डावा आरामात चाळीस करतो. सासूबाई तीन आठवडे गप्प बघत होत्या, काल हळूच नवऱ्याला विचारलं, हिने कसलं व्रत धरलंय का?