थंडीच्या दिवसांत गोव्याहून साप-सरडे बाहेरगावी नेताना: मोटार, रेल्वे की विमान?

जानेवारीत पणजीची दुपार ३० अंशांच्या पुढे जाते आणि पहाट फार तर २० अंशांपर्यंत उतरते. त्याच दिवसांत पुण्याची पहाट १० ते १२ अंशांच्या आसपास असते आणि दिल्लीची ७ अंशांवर किंवा त्याहूनही खाली जाते. बदलीमुळे किंवा घर हलवल्यामुळे ज्यांना आपला बॉल पायथन वा कॉर्न स्नेक हा साप किंवा इगुआना हा मोठा सरडा अशा वेळी सोबत न्यावा लागतो, त्यांच्या प्राण्याच्या डब्याला मडगावचा उकाडा आणि उत्तरेचा गारठा एकाच प्रवासात सोसावा लागतो. परदेशी ब्रीडरांच्या सूचना बहुधा थंड गावातून थंड गावी जाणाऱ्या डब्यांसाठी लिहिलेल्या असतात, म्हणून त्या इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. वाहन निवडताना भाडे आणि वेळ यांच्याआधी एकच गोष्ट तपासावी, असे माझे मत आहे: वाटेत डबा उघडून पाहण्याची आणि आतली ऊब कमी-जास्त करण्याची मुभा आपल्या हाती राहते की नाही?

ही तुलना कायदेशीररीत्या पाळलेल्या विदेशी प्राण्यांपुरतीच आहे. नाग, घोणस, अजगर, घोरपड, तारा कासव हे आपले वन्यजीव घरात ठेवण्याचा वा नेण्याचा प्रश्नच येत नाही. ते अंगणात आले तर वनखात्याला कळवावे. बॉल पायथन आणि हिरवा इगुआना या सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या) यादीतील प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि प्रवासात त्या नोंदीची प्रत व पशुवैद्याचे प्रमाणपत्र जवळ असणे शहाणपणाचे ठरते. डब्यावर ‘खेळणी’ असे लिहून साध्या कुरिअरने साप पाठवण्याचे प्रकार चालतात. तो बेकायदेशीर आणि क्रूर मार्ग असल्यामुळे तुलनेत धरलेला नाही.

आधी डब्याचा विचार करू, कारण वाहनाची निवड त्यावरच अवलंबून आहे. सरपटणारे प्राणी स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करत नाहीत, त्यामुळे माणसाला उबदार वाटणारी शाल सापाभोवती कितीही गुंडाळली तरी ती त्याला ऊब देत नाही, फक्त त्याचे गार होणे लांबवते. थर्माकोलचेही तेच आहे. सर्व बाजू ३० सेंटिमीटरच्या आणि थर्माकोलची जाडी अडीच सेंटिमीटर असा डबा घेतला, तर बाहेर ८ अंश आणि आत २८ अंश असताना त्यातून साधारण १२ वॅट उष्णता सतत बाहेर जाते. आत लिटरभर कोमट पाण्याची बाटली ठेवली तरी तास-दीड तासात आतले तापमान १८ अंशांवर येते. म्हणून नुसता थर्माकोल आणि बाटली एवढी तयारी छोट्या अंतरासाठी किंवा गाडी बदलताना लागणाऱ्या वेळापुरतीच पुरते.

याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाच्या भुकटीचे हीट पॅक आहेत. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन भुकटी गंजते आणि त्यातून उष्णता निघते. ४० किंवा ७२ तास चालणारे पॅक प्राण्यांच्या वाहतुकीसाठीच बनवलेले असतात. हातमोज्यात ठेवायचे छोटे पॅक मात्र फार तापतात आणि लवकर विझतात, त्यामुळे ते इथे वापरू नयेत. डबा हवाबंद असेल तर पॅक विझतो, शिवाय प्राण्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही खाऊन टाकतो. पण गोव्याच्या दृष्टीने मोठा धोका वेगळाच आहे. मोठा पॅक लहान डब्याचे तापमान बाहेरच्यापेक्षा आठ-दहा अंशांनी वर नेऊ शकतो. दिल्लीच्या पहाटे हे वरदान ठरते, तर दाबोळी विमानतळाच्या गोदामात दुपारी ३१ अंश असताना आत ४० अंश होतात आणि तेवढ्याने साप दगावू शकतो. निरोगी सापाला काही तास १८ अंशांत काढावे लागले तर तो मंदावतो, पण बहुधा सावरतो. ४० अंशांतून सावरण्याची संधी फारशी मिळत नाही. शंका असेल तेव्हा कमी ऊब द्यावी, हा नियम इथे थंडीतही पाळावा लागतो.

या दोहोंमध्ये तिसरा पर्याय बसतो आणि गोव्यासाठी तोच मला सर्वात सयुक्तिक वाटतो: साधारण २२ अंशांना वितळणारे व गोठणारे फेज-चेंज पॅक. औषध कंपन्या १५ ते २५ अंशांत ठेवायच्या मालासाठी अशाच प्रकारचे पॅक वापरतात. गोव्यात निघताना पॅक गोठलेल्या अवस्थेत घेतला, तर बाहेरची जादा उष्णता शोषत तो वितळतो, आणि पुढे थंडी लागली की गोठता गोठता तीच उष्णता परत देतो. त्याला ऑक्सिजन लागत नाही. वर दिलेल्या डब्यात किलोभर पॅक वितळलेला असेल, तर बाहेर ८ अंश असताना तो आतले तापमान पाच-सहा तास २२ अंशांच्या जवळ धरून ठेवतो. तो महाग आहे, जड आहे आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. पण त्याच्यामुळे साप भाजून निघण्याची भीती राहत नाही.

वाहनांत सर्वात पुढे मोटार येते. चोर्ला घाटाने बेळगावला चढून महामार्गाने पुण्याला पोचायला साधारण नऊ-दहा तास लागतात, आणि एवढ्या अंतराला मोटारीसारखा दुसरा मार्ग नाही. डबा डिकीत न ठेवता पुढच्या आसनामागे जमिनीवर ठेवावा, आत टोकाला तार असलेला डिजिटल तापमापक सोडून त्याचा पडदा बाहेर दिसेल असा लावावा आणि आतले तापमान २४ ते २८ अंशांत राहील अशा बेताने गाडीतली हवा ठेवावी. हीट पॅक सोबत घ्यावा, पण तो पिशवीतच राहू द्यावा. बेळगावनंतर रात्र झाली आणि आतला पारा उतरू लागला तरच तो फोडून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा, आणि प्राण्याच्या पिशवीशी त्याचा स्पर्श होणार नाही असा कागदाचा थर मध्ये घालावा. वेळ पाहून ऊब देण्याची ही सोय बाकीच्या दोन मार्गांत नाही. दिल्लीपर्यंत मोटारीने जायचे तर मात्र दोन-तीन रात्री वाटेत काढाव्या लागतात. सकाळी बंद गाडी उन्हात उभी करून चहाला उतरण्याचा मोह तेव्हा टाळावाच लागतो.

रेल्वेचा पर्याय मी शेवटी ठेवीन. गोवा एक्सप्रेसला वास्को ते हजरत निजामुद्दीन हे अंतर कापायला दीड दिवसाहून अधिक लागतो आणि दुसरी रात्र भोपाळ, झाशीच्या थंडीतून जाते. प्रवासी डब्यात साप नेण्याचा विचार करू नये, आणि पार्सल कार्यालयाने होकार दिला तरी ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या व पार्सलांच्या डब्यात, हीटर नसतो. वाटेत कोणी डबा उघडून पाहणार नाही, गाडी उशिरा धावली तर पॅकचे तासही संपतील.

विमानाचा जमेचा मुद्दा वेळ आहे: गोवा ते दिल्ली हवेतले अंतर अडीच तासांच्या आसपासचे. कुत्रा-मांजर केबिनमध्ये घेणाऱ्या कंपन्याही सापाला तिथे जागा देत नाहीत, त्यामुळे तो कार्गोनेच जातो आणि डबा आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, सजीव प्राण्यांसंबंधीच्या नियमांप्रमाणे बांधावा लागतो. मोपाहून वा दाबोळीहून बुकिंग करताना दोन प्रश्न आग्रहाने विचारावेत: त्या विमानाचा सामानकक्ष गरम राखला जातो का, आणि उड्डाणाच्या किती आधी डबा घेतला जातो? धोका हवेपेक्षा जमिनीवर जास्त असतो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या पहाटेच्या धुक्याने विमाने दुसरीकडे वळतात, तेव्हा दुपारी उतरणारे थेट विमान निवडावे, मग ते महाग पडले तरी चालेल. अशा डब्यात लोखंडी हीट पॅक घालू नये, फेज-चेंज पॅकच घालावा.

प्राण्यानुसारही निर्णय बदलतो. कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला असल्याने थंडी बऱ्यापैकी सोसतो. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन गारठ्यात जास्त काळ राहिला तर त्याला श्वसनाचा संसर्ग होतो. इगुआना सर्वात नाजूक. फ्लोरिडात पारा ५ अंशांजवळ गेला की ते झाडांवरून टपाटप खाली पडतात. त्यामुळे इगुआनाच्या बाबतीत चौथा पर्याय, म्हणजे फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबणे, मला बाकी तिन्हींपेक्षा बरा वाटतो. घरातला जाणता माणूस मागे राहणार असेल, तर घाईचे कारणच उरत नाही.

सापाला निघण्यापूर्वी किमान आठवडाभर खायला देऊ नये, कारण थंडीत पचन थांबते आणि पोटातले भक्ष्य सडते किंवा ओकले जाते. त्याला सुती पिशवीत घालून तोंडाला गाठ मारावी, पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी म्हणजे सुटे धागे अंगात गुंतत नाहीत, आणि डब्यातली मोकळी जागा चुरगळलेल्या वर्तमानपत्राने भरावी. पाण्याचे भांडे आत ठेवू नये. पाणी निघण्याआधी पाजावे. मुक्कामी पोचल्यावर गार पडलेला साप हीटरसमोर धरू नये. २४-२५ अंशांच्या खोलीत पिशवी उघडून तासभर थांबावे, मगच त्याला त्याच्या नेहमीच्या ऊबदार पेटीत सोडावे, आणि तो सावरेपर्यंत, बहुधा पुढचा आठवडाभर, त्याला भक्ष्य देऊ नये.