मडगार्डखालचा पिवळा रंग

जुनी बुलेट घ्यायची म्हणून जे कुणी पैसे जमवत आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. माझे एक लाख साठ हजार गेले. गाडीही गेली. तुमचं असं होऊ नये.

आमच्या घरी, डिचोलीला, वडिलांची बुलेट होती. जीडी नंबरची, म्हणजे गोवा, दमण आणि दीव एकत्र केंद्रशासित होते तेव्हाची. बहिणीच्या लग्नात ती विकावी लागली. वडील आता ७८ वर्षांचे आहेत. अंगणात पुन्हा तो आवाज घुमावा एवढंच माझ्या मनात होतं आणि विकणाऱ्यानं ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. मीच बोलून दाखवलं होतं. तुम्ही बोलू नका.

जाहिरातीच्या फोटोत गाडी चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला टेकवलेली, काळीभोर, टाकीवर सोनेरी रेघा. ‘१९७४ मॉडेल, एकहाती, ओरिजिनल.’ म्हापशाजवळच्या एका गॅरेजमध्ये बोलावलं, तेही संध्याकाळी सात वाजता. पाऊस पडत होता, आत एकच ट्यूबलाइट. त्यानं इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबला, अँपिअरची सुई मध्यावर आणली आणि एका किकमध्ये गाडी सुरू केली. ते बघून मी विरघळलो. सिलिंडरजवळ हात नेला तर आधीपासूनच गरम होता. विचारलं, तर म्हणाला, “बाब, आत्ताच फेरी मारून आणली.” झिजलेलं इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर सुरू व्हायला त्रास देतं, निळा धूर काढतं. जाड तेल घातलेलं असलं तर गरम इंजिनातली खडखडही दबते. म्हणून सकाळी जा, न सांगता थोडं लवकर जा आणि किक स्वतः मारा.

पण इंजिनाचं दुखणं पैशांनी बरं होतं. बोअर करता येतो, पिस्टन मिळतो, वायरिंग नवं घालता येतं. आपल्याकडच्या खाऱ्या हवेनं आणि चार महिन्यांच्या पावसानं पत्रा खाल्लेला असतो, तोही बदलता येतो. खिशात लोहचुंबक ठेवा. पुट्टी भरलेली असेल तिथे तो धरत नाही. मी यातलं काहीच केलं नाही, तरी तेवढ्यानं बुडालो नसतो. बुडालो ते चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबरात.

त्याच्याकडे आरसी बुक होतं, विक्रीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म मालकाच्या सहीनिशी होते. मालक कुठे आहेत विचारलं, तर म्हणे, “सांग्याला असतात, वयस्कर आहेत, त्यांना कशाला त्रास?” गाड्यांची नोंद दाखवणाऱ्या ॲपवर मी नंबर टाकला. बुलेटच आली, सालही बरोबर. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं, चासी नंबरचे शेवटचे आकडेही झाकलेले. मला वाटलं, झालं, खात्री पटली. खरं तर ॲपवरून एवढंच कळतं की तशी एक गाडी सरकारदरबारी नोंद आहे. समोर उभी असलेली तीच का, हे लोखंडावर पाहावं लागतं. रजिस्ट्रेशनची मुदत संपलेली होती. “पाच वर्षांचं रिन्यूअल तेवढं करून घ्या, नाहीतर आता पन्नास वर्षं झालीत, विंटेजमध्येच घाला,” असं तो सहज म्हणाला. विंटेज गाड्यांच्या २०२१ च्या नियमात नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही, हे त्यानं सांगितलं नाही. मीही वाचलं नव्हतं.

रिन्यूअलसाठी गाडी दाखवायला नेली. इन्स्पेक्टरनं चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. ठसा उमटला आणि ते गप्प झाले. दोन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल, एक किंचित तिरका. बोटानं चाचपलं तर तेवढीच जागा खोलगट, ग्राइंडर फिरवल्यासारखी. मग त्यांनी पुढच्या मडगार्डचा एक बोल्ट सोडवायला लावला. वॉशरखाली, काळ्या रंगाच्या आत, पिवळा रंग होता.

गोव्यातल्या माणसाला पुढे काही सांगायला नको. पिवळं मडगार्ड म्हणजे पायलटची गाडी, भाड्यानं माणसं नेणारी. नुसतं मडगार्ड दुसऱ्या गाडीचं असू शकतं, पण चासीच्या हेडजवळ, हँडल बसतं तिथे, खरवडलं तिथेही पिवळ्याचे थेंब निघाले. कुठल्यातरी पायलट गाडीची चासी, तिचा नंबर घासलेला आणि वर सांग्याच्या बुलेटचा नंबर ठोकलेला.

सांग्याला मी स्वतः गेलो. मालक २०११ सालीच वारले होते. त्यांच्या मुलानं मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, “भाऊ, बाबांची गाडी आम्ही तेव्हाच भंगारात दिली. बुकही त्याच्याबरोबरच गेलं, आम्हाला काय कल्पना!” मालक गेल्यावर वारसांना ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी आधी आपल्या नावावर करावी लागते. माझ्याकडच्या फॉर्मवर मेलेल्या माणसाची सही होती, तीही ताज्या निळ्या शाईत. आणि तुमच्या घरची जुनी गाडी भंगारात जात असेल, तर बुक तिच्याबरोबर देऊ नका. आरटीओत जाऊन नोंदणी रद्द करून घ्या. त्या मुलाला कुणी हे सांगितलं असतं, तर माझ्या गाडीला कागदच मिळाला नसता.

म्हणून टोकन देण्याआधी चासी आणि इंजिन, दोन्ही नंबरांचे पेन्सिलचे ठसे स्वतः घ्या आणि आरसीशी एकेक आकडा ताडून बघा. नंबरावरच रंगाचा जाड थर असेल तर पातळ थिनरनं पुसू द्या म्हणा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आधी रिन्यूअल आणि ट्रान्स्फर, मग उरलेले पैसे. गाड्यांचा मेस्त्री आपला न्या, विकणाऱ्यानं सुचवलेला नको. मी मेस्त्रीला नेलंच नव्हतं, कारण तो नको म्हणेल अशी भीती वाटत होती.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे. गॅरेज महिन्याच्या भाड्यानं घेतलेलं निघालं. तक्रार दिली आहे. गाडी पोलिस ठाण्याच्या आवारात पावसात उभी आहे. वडील एकदा बघून आले. सीटवर हात ठेवला आणि म्हणाले, “कुणा पायलटाचं पोट होतं रे हिच्यावर.” ती गाडी चोरीची असेल हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात आणखी एका बुलेटच्या जाहिरातीचा फोटो कुणीतरी पाठवला. मागे तीच चिऱ्याची भिंत, कोपऱ्यातला तोच फुटका चिरा. तो फोटो मी ठाण्यात नेऊन दिला आहे. तुम्हाला आला तर तुम्हीही द्या, आणि तिथे एकटे जाऊ नका.