पातालपानी–कालाकुंड वारसा रेल्वे : परतीचा घाट अधिक मोलाचा

इंदूरच्या मराठी घरांत पावसाळी सहलीचा विषय निघाला की पातालपानी–कालाकुंड गाडीचे नाव येतेच. मात्र पातालपानीच्या धबधब्यापलीकडे तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. २५ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झालेली ही मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांवरची) गाडी सुमारे साडेनऊ किलोमीटरचा घाट, चार बोगदे ओलांडत, सावकाश उतरते आणि धबधब्यासमोर व दरीच्या काठी मुद्दाम थांबते. पातालपानीला रुळांलगत इंग्रजांविरुद्ध लढलेले आदिवासी वीर टंट्या भिल्ल यांचे स्मारक असून तेथे गाडी क्षणभर थांबवण्याची चालकांची जुनी प्रथा आहे.

वाफेच्या इंजिनाची अपेक्षा मात्र ठेवू नये. येथे डिझेल इंजिन आहे. धुराची आणि शिट्टीची हौस असणाऱ्यांनी दार्जिलिंग गाठावे.

माझ्या मते या सहलीचा उत्तम भाग परतीचा आहे, आणि नेमक्या त्याच वेळी निम्मा डबा पेंगत असतो. चाळीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा हा चढ भारतीय रेल्वेवरील तीव्र चढांपैकी एक असून, पूर्वी कालाकुंडहून इंदूरजवळच्या महूकडे निघणाऱ्या गाडीला ढकलण्यासाठी मागे दुसरे इंजिन जोडावे लागे. इंजिनाचा बदलत जाणारा आवाज ऐकत बसले, की इंदूरचे संस्थानिक दुसरे तुकोजीराव होळकर यांनी या मार्गासाठी इंग्रज सरकारला साडेचार टक्के व्याजाने दिलेले एक कोटी रुपये कोठे खर्च झाले असतील, याची चांगली कल्पना येते. (संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, याचा अभिमान इंदूरकर अजूनही बाळगतात, आणि तो रास्तच आहे.) खांडव्याला गाडी बदलून भुसावळ-जळगावकडे जाणाऱ्या जुन्या पिढीसाठी हा घाट नेहमीच्या वाटेवरचा होता. नव्या ब्रॉडगेजसाठी (रुंद रुळांच्या मार्गासाठी) कमी चढाची वेगळी आखणी झाल्यामुळेच हा जुना तुकडा वारसा म्हणून उरला.

वातानुकूलित डब्याच्या मोठ्या काचा छायाचित्रांत आकर्षक दिसतात. तरीही मी साध्या डब्याचीच शिफारस करीन. तिकीट कितीतरी स्वस्त पडते, आणि उघड्या खिडकीतून पावसाचा वारा, बोगद्यातला दमट गारवा आणि इंजिनाचा आवाज हे सारे थेट पोहोचते. लहान मुले बरोबर असल्यास तीच खिडकी काळजीची ठरते, हेही खरे.

कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबते. चोरल नदीचा काठ आणि स्थानकावर पळसाच्या द्रोणात मिळणारा कलाकंद एवढ्यावर तो वेळ सुखाने जातो. पण कलाकंदाने जेवण भागत नाही, म्हणून घरचा डबा न्यावा. गाडी मोसमाप्रमाणे ठरावीक दिवशीच धावते, त्यामुळे आरक्षणापूर्वी वेळापत्रक पाहून घ्यावे आणि श्रावणातल्या सुटीच्या दिवशी जायचे असल्यास तिकीट आधीच काढून ठेवावे.