बिनभरवशाच्या पंख्यांना पर्याय : नॉक्टुआचा एनएफ-पी१२ रिडक्स १७००

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमधला पंखा सहसा एकाएकी बंद पडत नाही. आधी संगणक सुरू करताना थोडा वेळ घरघर ऐकू येते आणि आतली हवा तापली की ती थांबते; पुढे तो कधी फिरतो, कधी जागच्या जागी नुसता थरथरतो आणि बोटाने हलका धक्का दिला की पुन्हा चालू लागतो. माझ्या कॅबिनेटसोबत आलेले दोन्ही पंखे याच वळणावर आले, तेव्हा त्यांच्या जागी नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे १२० मिलिमीटरचे एनएफ-पी१२ रिडक्स १७०० पीडब्ल्यूएम हे पंखे बसवले. बऱ्याच वापरानंतर त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

पंखा घेताना आपण तो किती हवा फेकतो ते पाहतो, पण तो टिकणार की नाही हे ठरते बेअरिंगवर. स्वस्त पंख्यांत स्लीव्ह बेअरिंग असते. एका बारीक नळीत आस फिरतो आणि मधल्या तेलाच्या पातळ थरावर सगळी भिस्त असते. उष्णतेने ते तेल हळूहळू उडून जाते, उरलेले धुळीत मिसळून चिकट होते आणि घर्षण वाढत जाते. असा पंखा कॅबिनेटच्या छताला आडवा बसवला असेल, तर झीज आणखी लवकर होते. बॉल बेअरिंग जास्त टिकते, परंतु शांत खोलीत त्याचा आवाज जाणवतो. रिडक्समधले बेअरिंग तेलाच्या दाबावर चालते आणि आसाला मध्यभागी धरून ठेवण्यासाठी त्यात चुंबकाचाही आधार घेतलेला आहे.

याचा खरा फायदा कमी वेगात दिसतो. जोडाला तीन पिना असलेल्या पंख्याचा वेग कमी करायचा म्हणजे १२ व्होल्टचा पुरवठा उतरवायचा. मग जोर कमी होतो आणि बेअरिंग थोडे जरी सुकलेले असले, तरी पंखा सुरूच होत नाही. रिडक्ससारख्या चार पिनांच्या म्हणजे पीडब्ल्यूएम पंख्याला १२ व्होल्ट कायम मिळतात आणि वेग किती ठेवायचा हे चौथ्या तारेवरून २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांनी कळवले जाते. रिडक्सचा किमान वेग सुमारे ४५० आरपीएम (मिनिटाला फेरे) आहे आणि त्या वेगालाही तो माझ्याकडे दर वेळी विनातक्रार सुरू झाला आहे. कान पात्यांजवळ नेला तरच हवेची सळसळ ऐकू येते. १७०० आरपीएमला मात्र आवाज स्पष्ट जाणवतो. कंपनीच्या माहितीपत्रकात तो २५.१ डेसिबल दिला आहे.

त्याच माहितीपत्रकात १,५०,००० तासांहून अधिक आयुष्याचा दावा आहे, म्हणजे अखंड चालवल्यास सतरा वर्षांहून जास्त. हा आकडा सरासरीचा अंदाज असतो, प्रत्येक नगाचे वचन नव्हे. मला सहा वर्षांची वॉरंटी अधिक मोलाची वाटते, कारण पंखा बिघडला तर तो बदलून देण्याची जबाबदारी तिथे कंपनीवर येते.

उणिवाही आहेत. रिडक्स ही कंपनीची काटकसरीची मालिका असल्यामुळे सोबत फक्त चार स्क्रू मिळतात. कोपऱ्यांना लावायचे रबरी तुकडे वेगळे घ्यावे लागतात. कॅबिनेटचा पत्रा पातळ असेल, तर ते घ्यावेतच, नाहीतर पंखा शांत असूनही पत्रा गुणगुणतो. एवढ्या किमतीच्या वस्तूसोबत ते द्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगला पंखा घेतला तरी त्याच्यावर लक्ष ठेवण्याची सोय करावी. प्रोसेसरचा पंखा फिरला नाही, तर बहुतेक मदरबोर्ड सुरुवातीलाच इशारा देतात, पण कॅबिनेटचा पंखा थांबल्याचे अनेकदा कोणीच सांगत नाही. आतली उष्णता वाढते, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मालकाला वाटते की संगणकच जुना झाला. म्हणून पंखा थेट पॉवर सप्लायला न जोडता मदरबोर्डवरच्या जागी जोडावा. तो प्रत्येक फेऱ्याला दोन स्पंद पाठवतो, त्यांवरून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, त्याचा वेग दिसतो आणि सोय असल्यास किमान वेगाचा इशाराही लावता येतो. धूळ उडवताना मात्र पाती बोटाने धरून ठेवावीत. हवेच्या झोताने ती भलत्याच वेगाने फिरली, तर चांगले बेअरिंगही खराब होऊ शकते.

जुळणी करून घेतलेल्या संगणकासाठी हा पंखा मी निःशंकपणे सुचवेन. कंपनीकडून तयार आलेला डेस्कटॉप असेल, तर आधी झाकण उघडून पाहावे : अशा काही यंत्रांत पाच किंवा सहा पिनांचा स्वतंत्र जोड असतो आणि तिथे हा पंखा सरळ बसत नाही.