गिम्पमधल्या नक्षीदार रेषा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रमाणपत्रांच्या चौकटी, पत्रिकांवरची वेलबुट्टी, प्रकरणाच्या शेवटी येणारी छोटी नक्षी अशा कामांसाठी मी आठ महिने गिम्प ३.० हे चित्रं संपादित करायचं मोफत सॉफ्टवेअर वापरतेय. सुरुवातीला प्रत्येक रेषा ब्रशने हातानेच ओढायचे. वळण एकदा जमलं तर दुसऱ्यांदा जमायचं नाही. पाथ टूल शिकले आणि कामाची पद्धतच पालटली.

पाथ म्हणजे रेषेचा सांगाडा. बिंदू आणि त्यांचे दांडे हलवून वळण हवं तितकं सुधारता येतं आणि मनासारखं झालं की त्यावर स्ट्रोक द्यायचा, म्हणजे त्या सांगाड्यावरून रंगाची रेषा उमटवायची. माझी सगळ्यात लाडकी युक्ती अगदी साधी आहे: एकाच पाथला तीनदा स्ट्रोक. आधी ९ पिक्सेल गडद, त्यावर ५ पिक्सेल फिका, शेवटी मधोमध १ पिक्सेल गडद. तिहेरी काठ तयार! क्रम रुंदीकडून बारीककडेच हवा आणि प्रत्येक स्ट्रोक वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर हवा. ३.० मध्ये स्ट्रोक दिला की त्याचे पिक्सेल होतात, मागाहून जाडी बदलता येत नाही. म्हणून पाथ कधीच पुसू नका. एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फाईलमध्ये तो जपला जातो.

टिंबांच्या आणि तुटक रेषा तयार मिळतात, पण त्यांची मापं रेषेच्या जाडीच्या पटीत चालतात. जाडी दुप्पट केली की टिंबांमधली अंतरंही दुप्पट होतात. हे कळेपर्यंत माझ्या चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात अर्धवट टिंब यायचं, आणि नक्षीत नजर सगळ्यात आधी कोपऱ्यावरच जाते. आता टिंबं मी ब्रशनेच देते. ब्रशचा आकार २० आणि स्पेसिंग ३०० टक्के असेल तर दोन टिंबांच्या केंद्रांत ६० पिक्सेल अंतर पडतं. चौकटीची बाजू ६० च्या पटीत ठेवायची, म्हणजे १२०० किंवा १८००, की कोपरे जुळतात. वेलबुट्टी असेल तर चौकटीचा पाव भागच काढते आणि लेयरची प्रत आडवी-उभी उलटवते.

वेलीवर पानं लावायची तर ब्रश डायनॅमिक्समधलं, म्हणजे रेषा ओढताना ब्रश कसा बदलत जाईल हे ठरवणाऱ्या पर्यायांमधलं, 'ट्रॅक डायरेक्शन' निवडा. पान वळणाबरोबर वळत जातं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नुसतीच स्क्रीनकडे बघत बसले होते. टोकाला निमुळती होत जाणारी रेषा हवी असेल तर स्ट्रोकच्या पर्यायांच्या खिडकीत 'ब्रश डायनॅमिक्सची नक्कल करा' (Emulate brush dynamics) यावर खूण करावी लागते. ती राहिली तर रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची येते.

दातेरी कड्यात दातेरी चाक फिरवून फुलांसारख्या आकृत्या काढणाऱ्या स्पायरोगिम्प या फिल्टरचं मला फार कौतुक आहे. कडं ९६ दात्यांचं आणि चाक ३६ दात्यांचं घेतलं तर ८ टोकांचं फूल येतं, चाक ४० चं केलं तर १२ टोकांचं. ९६ आणि ३५ घेतले तर ९६ टोकांची दाट जाळी होते, कारण दोन्ही आकड्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नाही. ही आकृती पाथ म्हणूनही मिळते, त्यामुळे वर सांगितलेले सगळे स्ट्रोक तिलाही देता येतात.

छपाईत मात्र सावध राहा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असताना, १ पिक्सेल म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम बारावा हिस्सा. पडद्यावर नाजूक दिसलेली रेषा कागदावर विरून जाते. छापायच्या कामात ३ पिक्सेलच्या खाली मी आता जात नाही. झूम १०० टक्क्यांवर आणूनच रेषा तपासा, कारण ६६ टक्क्यांवर सारख्या जाडीच्या रेषाही कमी-जास्त दिसतात. पडद्यासाठी फाईल द्यायची तर पीएनजी द्या, जेपेगमध्ये बारीक रेषांभोवती डाग उमटतात.

कितीही मोठी करावी लागेल अशी नक्षी, उदाहरणार्थ बोधचिन्ह, मी इथे करत नाही, त्यासाठी इंकस्केप हे रेषाचित्रांचं सॉफ्टवेअर बरं. पण गिम्पमधला पाथ एसव्हीजी, म्हणजे रेषाचित्राची फाईल, म्हणून बाहेर काढता येतो, तिकडचा इकडे आणता येतो. माझ्याकडे अशा वेलींचा एक फोल्डर साठलाय आणि नवं काम आलं की मी आधी तोच उघडते.