सुटकेचा कागद की जमिनीचा दस्त?
अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या, गुलामीतून सुटलेल्या किंवा आधीपासून मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय घराण्यांचा माग काढायचा तर आधी काय उघडायचं? बहुतेक जण सुटकापत्रांकडे धावतात, कारण १७८२ च्या कायद्याने मालकाला स्वतःच्या सहीने गुलाम मुक्त करता यायला लागले आणि कोर्टात असे कागद येत राहिले, १७९१ मध्ये तर रॉबर्ट कार्टर या बड्या मळेवाल्याने साडेचारशेवर माणसं टप्प्याटप्प्याने सोडायचा दस्तच केला. त्यात मालकाचं नाव मिळतं, पुढे कोर्टात ठेवलेल्या मुक्त लोकांच्या नोंदवहीत (रजिस्टरमध्ये) उंची, वर्ण, हातावरचा व्रण असलंही सापडतं, पण बऱ्याचदा नुसतं पहिलंच नाव, आडनावाचा पत्ता नाही, मग बसा डोकं खाजवत.

जमिनीचे कागद तसे रुक्षच. पण शेजारी कोण, बायकोचं नाव काय, बाप गेल्यावर वारस कोणकोण, हे तिथे कळू शकतं. माझं मत जमिनीच्या बाजूने, अर्थात ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्यापुरतंच, आणि अशी घरं थोडीच. १८५० च्या जनगणनेत मुक्त घरातल्या सगळ्यांची नावं आहेत, तिथून मागे या. आणि हो, सुटकापत्रं पुष्कळदा जमिनीच्या दस्तांच्या त्याच नोंदवहीत (डीड बुकात) खरेदीखतांच्या मधेच असतात, तेव्हा इंडेक्समध्ये मालकाचं आडनावही बघा.