जास्त काळजी कुणाची करायची: नांगराला लागलेलं ऑर्किड की दरीतला पाइन?
आमच्या रावेरकडे नांगर अडला तर दगड निघतो. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९२८ साली एका शेतकऱ्याच्या नांगराला चक्क ऑर्किड लागलं! ते फुलतंही जमिनीखालीच. हरितद्रव्य नाही, पोट बुरशीच्या जिवावर, आणि ती बुरशी शेजारच्या झुडपाच्या मुळांवर. तिघांतलं एक गेलं की खेळ खलास.

वोलेमी पाइन हा दुर्मिळ वृक्ष १९९४ मध्ये सिडनीच्या वायव्येला एका दरीत सापडला. खोडाची साल उकळत्या गुळाच्या पाकासारखी फुगलेली. रानात मोठी झाडं शंभराहून कमी, पण २०१९-२० च्या वणव्यात त्यांच्यासाठी हेलिकॉप्टरनं पाणी टाकलं. शिवाय रोपं कुंडीत विकत मिळतात. आपल्या मे महिन्यात टिकतील का, ते सोडा. ऑर्किड हलवायचं तर बुरशी आणि झुडूपही सोबत न्यावं लागतं. मला काळजी त्या ऑर्किडचीच जास्त.